बापूजी भरती आहेत

मनकर्णाबाईंनी सकाळपासून कितव्यांदा तरी नवऱ्याचा फोन कापला. या वेळी नुसता कापला नाही, उशीखाली घालून वर हातही ठेवला. फोन उशीखाली घरघरत राहिला. सून मिनल कूलरच्या ताट्या झटकत होती. तिने सासूकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं आणि काही न बोलता ताटी झटकत राहिली. नंदनवनातल्या त्या घरात गेले पंधरा दिवस हेच चाललं होतं. सासू-सासऱ्यांचा अबोला होता. म्हणजे सासरे बोलत होते आणि सासू भिंतीला उत्तर देत होती.

भांडणाचं कारण समुद्र. नागपूरच्या नवराबायकोचं समुद्रावरून भांडण व्हावं हे जरा नवलच, कारण इथून समुद्र कुठल्याही बाजूला सारखाच लांब आहे. पण झालं खरं. बापूजी खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले. वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने कोकणची सहल काढली. तिथे एका कोळ्यांच्या गावासमोर पाण्यात काळ्या दगडाची बेटं आहेत, कोण्या काळी ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून झालेली. होडीने जायचं, बेट पाहायचं, आणि ज्याच्या पायात जोर असेल त्याने तिथल्या उंच खडकावर चढायचं, असा बेत होता.

मनकर्णाबाईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. चौसष्ट वर्षांत त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे तोतलाडोहचं धरण, तेही बसच्या खिडकीतून. सहलीची बातमी कानावर आली तशी त्यांनी गुपचूप तयारी सुरू केली. कुरडया वाळत घालायच्या निमित्ताने त्या दिवसभर गच्चीचा जिना चढू-उतरू लागल्या. गुडघे कुरकुरायचे, पण महिनाभरात कुरकुर जरा कमी झाली. कुरडया मात्र इतक्यांदा उलटल्या गेल्या की त्यांचा अर्धा चुरा झाला. बाजारातून पांढरे कापडी बूटही आणून त्यांनी कपाटात ठेवले.

मग मंडळाची सभा झाली. अध्यक्ष नानाजींनी सगळ्यांदेखत विचारलं, "बापूजी, वहिनी येतात ना?"

बापूजींनी वहिनींकडे पाहिलंसुद्धा नाही. "हिले कुठं नेता गा? हिले घरचा जिना चढवत नाही, खडक काय चढते? तिथं हिले उचलाले दोन माणसं लागतील."

सभा हसली. मनकर्णाबाई तिथेच कोपऱ्यात चहाचा कप धरून बसल्या होत्या. हसण्यासारखं काही नसताना माणसं हसतात तेव्हा ती फार वेळ हसतात. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही जा." तो त्यांचा बापूजींशी बोललेला शेवटचा शब्द. बापूजींना आपलं काय चुकलं हे आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा गाडी भुसावळच्या पुढे गेली होती.

तर त्या दिवशी दुपारी मिनलच्या फोनवर अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे वारा एवढा होता की माणूस पंख्यात तोंड घालून बोलतोय असं वाटावं.

"बापूजींच्या घरातून का? मी प्रेमानंद बोलतोय. तुमचे बापूजी हिकडं वर हायत. भरती हाय ना, म्हणून खाली नाय येता येत. घरी कळवा म्हणाले."

मिनलच्या हातातली ताटी खाली पडली. "भरती? कधी केलं भरती?"

"अकरा वाजल्यापासून हाय."

आता इथे वाचकांनी मिनलला हसू नये. ती एम.कॉम. आहे. शाळेत भूगोलात दोन मार्कांसाठी तिने भरती-ओहोटी पाठही केली होती, पण पेपर झाल्यावर त्या माहितीचं नागपुरात काही काम पडलं नव्हतं. नागपुरात भरती दोनच असतात. एक पोलिसांची, आणि दुसरी दवाखान्यातली. बापूजींचं वय सत्तर. पोलिसांत जाण्याची शक्यता नव्हती.

"काय झालं त्यांले?" मिनलने विचारलं.

"त्यांना काय नाय झालं. पाणी चढलंय."

"पाणी? कुठं चढलं?"

"सकाळी गुडघ्याएवढं होतं. आता छातीपर्यंत असेल. वाढतंच हाय."

मिनल पलंगाच्या कडेवर बसली. तिच्या आत्याचं असंच झालं होतं. आधी पायांवर सूज, मग वर वर. "त्यांच्याजवळ कोणी आहे काय?"

"वर कोणाला जाताच येत नाय. एकटेच हायत. लांबून बघतोय आम्ही."

"मंग आता काय करणार?"

"थांबायचं. ओ..." इथे वाऱ्याने मधलं अक्षर खाल्लं. "...टी झाली की खाली काढतो."

"ओटी? ओटी कधी आहे?"

"पाच-साडेपाचला. त्याच्या आधी कोणाच्या बापाच्यानं व्हायची नाय," असं म्हणून प्रेमानंदने फोन ठेवला. बिचारा होडीवाला होता. भल्या माणसाने निरोप पोचवला आणि होडी घेऊन पुन्हा पाण्यात गेला, जिथे फोन लागत नाही.

मिनलने बापूजींना फोन लावला. बंद. मग नानाजींना लावला. नानाजींना एका कानाने कमी ऐकू येतं आणि ते फोन नेमका त्याच कानाला लावतात.

"काकाजी, बाबा भरती आहेत म्हणते. खरं काय?"

"हो वं बाई, भरती आहे," नानाजी ओरडले. त्यांना तो शब्द सकाळीच कळला होता आणि वापरायला मजा वाटत होती. "आम्ही सगळेच भरतीत सापडलो. पन आम्ही खाली आहो. तुहा सासरा वर गेला."

"वर गेले?"

"मी म्हटलं त्याले, नोको जाऊ गा बापूजी, आपलं वय नाही राहिलं. कोणाचं ऐकते तो? गेला. आता संध्याकाळी काढतीन म्हणते."

फोन कटला. मिनलने घाम पुसला आणि कळमेश्वरला कंपनीत असलेल्या नवऱ्याला, सुशीलला, फोन केला. सुशीलने हातातलं काम टाकलं आणि वाटेतून रविंद्रमामांना फोन केला. रविंद्रमामा म्हणजे मनकर्णाबाईंचे धाकटे भाऊ. मेडिकल कॉलेजसमोर त्यांचं अनेक वर्षं औषधाचं दुकान होतं, त्यामुळे आपण शिकायचे राहिलेले डॉक्टर आहोत असं ते मानत. आजारी माणूस त्यांना घाबरत असे, कारण मामा भेटायला आले की घरच्यांना बाजूला नेऊन बोलत.

मामा सुशीलच्या आधी पोचले. त्यांनी मिनलकडून सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

"गुडघ्यापासून छातीपर्यंत पाणी. किडनी आहे," ते म्हणाले. "ओटीत, म्हंजे ऑपरेशन थिएटरात, घेऊन पाणी काढतीन. आन् सगळेच भरती आहेत म्हंजे बाहेरचं खाल्लं. मच्छी असन."

"बाबा मच्छी खात नाहीत, मामाजी."

"म्हणूनच बाधली," मामा म्हणाले. मामांचं असंच असायचं. त्यांच्या निदानाला विरोध केला की ते अजून पक्कं व्हायचं.

"पन नानाजी म्हणाले, वर गेले."

"वर म्हंजे वरच्या मजल्यावर. आयसीयू वरच राहते." मामांनी त्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांचे नंबर शोधून फोन लावायला घेतले. एका दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, आमच्याकडे कालपासून एक बाळंतीण भरती आहे, दुसरं कोणी नाही. मामांनी फोन ठेवला आणि मान हलवली. "लपवून राहिले," ते म्हणाले.

तोवर 'सगळेच भरती' ही बातमी गल्लीच्या टोकाला पोचली होती. सहलीला गेलेल्यांच्या घरची माणसं एकेक करून जमा झाली. शेजारच्या तुळसाबाई सगळ्यांत आधी आल्या आणि थेट मनकर्णाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. मनकर्णाबाईंना अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. ताईला एकदम सांगू नका, हळूहळू सांगू, असं मामांनी बजावलं होतं. तुळसाबाईंनी मनकर्णाबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "लई चांगला माणूस होता वं."

"कोण?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

आपली चूक तुळसाबाईंच्या लक्षात आली. "होता म्हंजे, आहे. आताही आहेच."

मनकर्णाबाईंनी दारातल्या गर्दीकडे पाहिलं, मिनलच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग भावाकडे पाहिलं. "रवी, काय झालं त्यांले?"

मामांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली. इतकं हळूहळू, की शेवटी मिनलनेच पटकन सांगून टाकलं. बाबा भरती आहेत, अंगात पाणी झालं आहे, संध्याकाळी ओटी आहे, जवळ कोणालाच जाऊ देत नाहीत.

मनकर्णाबाई रडल्या नाहीत. त्यांनी उशीखालून फोन काढला आणि मांडीवर ठेवला. त्यावर बापूजींच्या फोनांची रांग लागलेली होती. सकाळपासून ते फोन करत होते. व्हिडिओचे फोन होते सगळे. त्यांनी एकही उचलला नव्हता.

"मी कापला," त्या म्हणाल्या. "दर वेळी कापला. भरती असून मले फोन करून राहिले होते. तोंड दाखवायचं असन त्यांले. आन् मी कापला."

तुळसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बाई पंधरा दिवस रागात होत्या, तो राग खरा होता आणि त्याला कारणही होतं. पण माणूस सुखरूप असला तरच त्याच्यावर रागावता येतं, हे त्यांच्या त्या दिवशी पहिल्यांदाच ध्यानात आलं. त्यांना आता समुद्र नको होता, काहीच नको होतं. एकदा बोलता आलं पाहिजे, एवढंच डोक्यात राहिलं.

"सुशील आला की मले घेऊन चला," त्या उठत म्हणाल्या. "एक डाव बोलू द्या मले त्यांच्याशी. मंग जे व्हायचं ते होवो."

"ताई, हजार किलोमीटर आहे," मामा म्हणाले.

"मंग लवकर निघा."

मिनलने पिशवी भरली. गडबडीत मनकर्णाबाईंना चपला सापडेनात, म्हणून त्यांनी कपाटातले पांढरे बूट काढून पायात घातले. तुळसाबाईंनी ते पाहिलं. एरवी त्या काहीतरी बोलल्या असत्या.

चार वाजता सुशीलची गाडी निघाली. पुढे मामा, मागे मनकर्णाबाई. समृद्धीला लागल्यावर मामांनी फायली कशा मागायच्या, डॉक्टरशी कसं बोलायचं, नागपूरला आणायचं तर कोणती अॅम्ब्युलन्स करायची, हे सगळं समजावून सांगितलं. सुशील घट्ट जबड्याने गाडी चालवत होता. मनकर्णाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी वावरं होती, कापूस केव्हाच निघून गेला होता. वर्धा मागे पडलं. साडेपाच वाजले, ओटीची वेळ झाली. मनकर्णाबाईंनी हात जोडले आणि डोळे मिटून घेतले.

सहाला काही मिनिटं असताना सुशीलचा फोन वाजला. मिनलने दुपारी दिलेला तोच अनोळखी नंबर. त्याने गाडी कडेला घेतली आणि स्पीकर लावला.

"हॅलो, सुशील काय? मी बोलून राहिलो."

आवाज बापूजींचा होता, आणि चांगला खणखणीत होता. मामा सगळ्यांत आधी सावरले. "बापूजी, ओटी झाली काय?"

"हो, झाली ना. मघाशीच पाणी उतरलं. आता खाली आलो."

"लगेच बोलू नोका जास्त. पडून राहा."

"पडून काहून राहू? चालत आलो मी गुडघाभर पाण्यातून."

मामांनी अॅम्ब्युलन्सचा नंबर लिहिलेला कागद हळूच खिशात घातला. सुशीलने हळू आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही आहात कुठं?"

मग सगळा उलगडा झाला. बापूजी सकाळी सगळ्यांबरोबर बेटावर गेले. उंच खडक बेटापासून जरासा सुटा उभा आहे. पाणी उतरलं की दगडांवरून चालत जाता येतं, चढलं की मधली वाट बुडते आणि लाटांमुळे होडीही लावता येत नाही. बाकीचे खालीच थांबले आणि पाणी चढू लागल्यावर प्रेमानंदने त्यांना किनाऱ्यावर आणून सोडलं. बापूजी मात्र खडकावर चढले, कारण खाली फोनला रेंज नव्हती. फोन कापला गेला की रेंज गेली असं समजून ते आणखी वर चढत. असं करत करत ते पार टोकावर पोचले आणि बॅटरी संपली. वर बघत राहिल्याने खालचं पाणी कधी आलं ते त्यांना कळलं नाही. प्रेमानंद खालून 'भरती आली, उतरा' असं ओरडत होता. बापूजींना वाटलं कोणाला तरी दवाखान्यात न्यायचं आहे. आपली काय गरज, म्हणून ते बसून राहिले.

"ओहोटी गा, ओहोटी," बापूजी फोनवर समजावत होते. "समुद्र रोज दोन डाव वर येते आन् खाली जाते. मले तरी कुठं मालूम होतं?"

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या ते सुशीलला आरशात नीट दिसलं नाही. बहुधा दोन्ही.

"आई आहे काय तिथं?" बापूजींनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. "बोलते काय ती?"

सुशीलने मागे वळून पाहिलं. मनकर्णाबाईंनी नकारार्थी मान हलवली. दुपारपासून एकदा बोलता यावं म्हणून ज्यांचा जीव चालला होता, त्यांनी चक्क मान हलवली. माणूस सुखरूप आहे म्हटल्यावर राग आपल्या जागी परत येऊन बसला होता.

सुशीलने फोन ठेवला, दीर्घ श्वास सोडला आणि म्हणाला, "चला, परत जाऊ." पण समृद्धीवर हवं तिथे वळता येत नाही. पुढची उतरायची जागा येईपर्यंत सरळच जावं लागतं, आणि ती अजून बरीच पुढे होती. तेवढ्या वेळात मनकर्णाबाईंचा विचार पक्का झाला.

"वळवू नोको," फाटा दिसताच त्या म्हणाल्या.

"काहून वं आई? बाबा तं ठणठणीत आहेत."

"माणूस मराले टेकला म्हणून निघालो होतो ना? मंग जित्या माणसाले भेटाले कोणी जात नाही काय?"

"पन ताई, तिथं खडक, दगडं, आन् तुहे गुडघे..." मामांनी सुरुवात केली. मग त्यांनी बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे ते मुक्काम येईपर्यंत गाडीच्या मायलेजवरच बोलले. तिकडे नंदनवनात मिनलने सगळ्यांना भरतीचा खरा अर्थ सांगितला. सगळ्यांना हायसं वाटलं. तुळसाबाई मात्र, आपण दुपारपासून उपाशी आहोत, असं दोनदा म्हणाल्या, तेव्हा मिनलने पोह्यांना फोडणी दिली.

वाटेत मुक्काम करून गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गावात पोचली. मंडळाचा मुक्काम अजून होताच. बापूजी रस्त्यावर उभे होते. सकाळपासून उभे असावेत, कारण कपाळ उन्हाने लाल झालं होतं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मनकर्णाबाई गाडीतून उतरल्या आणि त्यांच्या बाजूने सरळ पुढे गेल्या. माडांच्या पलीकडे समुद्र होता. त्या वाळूत थांबल्या, बूट काढले आणि पाण्यात पाय घातले.

आयुष्यभर एखाद्या गोष्टीची वाट पाहिली की ती समोर आल्यावर थोडी लहान वाटते, असं लोक म्हणतात. मनकर्णाबाईंना तसं वाटलं नाही. त्यांनी मनात जो समुद्र धरला होता त्याला पलीकडचा काठ होता, तोतलाडोहसारखा. याला तो नव्हता. पाणी यायचं, घोट्यांखालची वाळू काढून न्यायचं, आणि परत यायचं. आपल्याला कोणी हे आधी का सांगितलं नाही, असं त्यांना वाटलं, आणि मग कोणाला सांगताच आलं नसतं हेही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर प्रेमानंदने सगळ्यांना होडीने बेटावर नेलं. मनकर्णाबाई होडीतून उतरल्या, मधल्या दगडांवरून पलीकडे गेल्या आणि कोणाला न विचारता खडक चढू लागल्या. बापूजी त्यांच्या मागे धावले. "अवं, हळू. तिथं शेवाळ आहे. हात दे."

मनकर्णाबाईंनी हात दिला नाही. उभे काळे दगडी खांब एकमेकांना चिकटून रचल्यासारखे होते, त्यामुळे आपोआप पायऱ्या झाल्या होत्या. त्या गच्चीचा जिना चढायच्या तशाच चढल्या, एका गुडघ्यावर हात टेकवत, मधे मधे थांबत. नानाजी खालून मान वर करून पाहत होते आणि मंडळाचे बाकीचे सभासदही. हसत कोणी नव्हतं. बापूजी धापा टाकत टोकावर पोचले तेव्हा मनकर्णाबाई पदराने वारा घेत बसल्या होत्या.

थोड्या वेळाने खालून प्रेमानंदची हाक आली. "भरती लागतेय. उतरा लवकर."

"चाल," बापूजी घाईने उठले. "नाही तं संध्याकाळपर्यंत इथंच."

"तुम्ही जा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले बसू द्या."

बापूजी उभेच राहिले. खाली वाटेवरचे दगड एकेक करून पाण्यात चालले होते. त्यांनी खाली पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि परत खाली बसले. खाली प्रेमानंदने कपाळाला हात लावला. नागपूरच्या माणसांना वर चढता येतं, उतरता येत नाही, अशी त्याची आता खात्रीच झाली असावी.

वाट बुडाली. आता दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. बापूजींनी दगडावर हात फिरवला. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून त्यांनी माहिती द्यायला सुरुवात केली. "हा दगड म्हंजे आग होती. वाहत वाहत आली आन् थंड झाली. आपल्या वावरातला काळा दगडही हाच. तिथपर्यंत गेली होती म्हणते ही आग." जन्मभर बॉयलरजवळ काढल्याने आगीचं बोलताना त्यांच्या आवाजात जरा माया यायची.

"थंड व्हाले किती दिवस लागले?" मनकर्णाबाईंनी विचारलं. पंधरा दिवसांहून जास्त काळात त्यांनी नवऱ्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"लई. लाखो वर्षं झाली आता याले."

"मंग मले तं महिनाही नाही झाला."

लाट येऊन खाली फुटली, तिचे तुषार वरपर्यंत आले. बापूजींना नोकरीत, घरात, वस्तीत, कुठेही ते वाक्य म्हणायची सवय नव्हती. त्यांनी घसा साफ केला, समुद्राकडे तोंड केलं आणि पुटपुटले, "चुकलं माहं."

"काय म्हणता?"

"चुकलं म्हणतो. मी बोललो ते."

"ऐकू नाही येत. लाटांचा आवाज होऊन राहिला."

बापूजींनी बायकोकडे वळून जरा मोठ्याने सांगितलं. मनकर्णाबाईंनी कानाला हात लावून मान हलवली. मग बापूजी उठून उभे राहिले आणि एखाद्या बॉयलरच्या घरघरीवर ओरडावं तसे पोटातून ओरडले, "चुकलं माहं, मनकर्णा. मी तसं बोलाले नोको होतं. तू सगळ्यांपेक्षा चांगली चढली."

आवाज पाण्यावरून पार बेटापर्यंत गेला. खाली डबे उघडून बसलेल्या मंडळाने एकदम वर पाहिलं. नानाजींनी चांगला कान पुढे करून विचारलं, "काय म्हणून राहिला गा बापूजी?" आणि कोणीतरी त्यांना सगळं पुन्हा सविस्तर सांगितलं.

मनकर्णाबाईंनी पिशवीतून डबा काढला, पोळीचा तुकडा तोडला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"पहिल्याच डावात ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या. "पन त्या दिवशी सभेत सगळ्यांनी ऐकलं होतं ना."